माळ्यावरच्या संगणकाचं काय करायचं?



वाचनालयाच्या या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर बोललं गेलं आहे, इतिहासावर, पाण्यावर, शेतीच्या अर्थकारणावर बोललं गेलं आहे. मी बोलणार आहे नको झालेल्या जुन्या संगणकावर. विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी विचारलं, "यावर तासभर बोलण्याइतकं काही आहे का?" प्रश्न रास्त होता. म्हणून आधी मीच तुम्हाला एक विचारतो. ज्यांच्या घरी, दुकानात किंवा कचेरीत बंद पडलेला किंवा वापरात नसलेला निदान एक संगणक आहे, त्यांनी कृपया हात वर करा. (सभागृहातले बहुतेक हात वर होतात.) आता, त्याचं काय करायचं हे ज्यांचं ठरलेलं आहे, त्यांनीच हात वर ठेवा. (दोन-तीन हात उरतात.) जे हात खाली आले, त्यांच्याशी मला बोलायचं आहे.

२००१ साली संगणक-शिक्षण देणारं एमकेसीएल स्थापन झालं, त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाचे वर्ग गावोगावी सुरू झाले आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पहिला संगणक त्या अभ्यासक्रमाच्या निमित्तानं आला. बहुतेकांनी तो हप्त्यावर घेतला. आणल्या दिवशी त्याला हळद-कुंकू लावलं, हार घातला, कापडी आवरण शिवून घेतलं. मुलांची शिक्षणं त्यावर झाली, नोकरीचे पहिले अर्ज त्यावर टाइप झाले. अशी वस्तू टाकून द्यायला हात धजावत नाही. मग ती माळ्यावर जाते.

माळ्यावर ठेवलं की निर्णय पुढे ढकलला, असं आपल्याला वाटतं. माझ्या मते निर्णय तिथेच झालेला असतो, आणि तो सगळ्यांत वाईट असतो. कारण माळ्यावरच्या प्रत्येक वर्षागणिक तीन गोष्टी हातातून जातात. आतला मजकूर वाचता येईनासा होतो. यंत्र दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचं उरत नाही. आणि त्याची नीट सोय लावण्याइतकी घरातल्यांची आस्थाही संपते. मग एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत ते दारावर आलेल्या पहिल्या माणसाला वजनावर जातं. या तीन गोष्टींबद्दल मी क्रमानं बोलतो. आणि क्रम महत्त्वाचा आहे: आधी आतलं वाचवायचं, मग यंत्र चालतं का ते पाहायचं, आणि मगच भंगाराचा विचार करायचा. आपण उलट्या टोकाकडून सुरुवात करतो.

तर आधी आतला मजकूर. यावर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण मराठी माणसाच्या जुन्या संगणकाची अडचण इंग्रजी वापरणाऱ्याच्या संगणकापेक्षा वेगळी आहे आणि मोठी आहे.

संगणकावर देवनागरी कशी आली, ते थोडक्यात सांगतो. १९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी जे काम झालं, ते पुढे पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेत वाढलं. त्यातून जिस्ट कार्ड आलं. संगणकाच्या आत हे कार्ड बसवलं की पडद्यावर मराठी दिसे. (जाता जाता: तुमच्यापैकी कोणाच्या अडगळीत जिस्ट कार्ड असलेला संगणक असेल, तर माझं पुढचं सगळं व्याख्यान विसरा आणि तो जपून ठेवा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं मुंबईत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली सुरू झाला तेव्हा त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या; त्याचा इतिहास निदान लिहिला तरी गेला. जिल्ह्याच्या गावांत मराठी संगणकावर कशी पोहोचली, याचा इतिहास अजून अशा यंत्रांतच पडून आहे.) पुढे विंडोज आलं आणि श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशी सॉफ्टवेअरं छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत रुळली. मी आयुष्यातली बरीच वर्षं त्याच धंद्यात काढली, म्हणून हे जवळून सांगतो.

या प्रत्येक पद्धतीत अक्षरांची मांडणी वेगळी होती. रोमन लिपीतल्या एखाद्या अक्षराच्या जागी कोणी काना ठेवला, कोणी वेलांटी ठेवली, कोणी अर्धा स ठेवला. म्हणजे संगणकाच्या दृष्टीनं ती फाईल रोमन अक्षरांचीच, फक्त फाँटमुळे डोळ्यांना मराठी दिसणारी. तो फाँट काढून घेतला की उरतात निरर्थक अक्षरं, आकडे आणि चिन्हं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालीच आली होती. पण आपल्या छापखान्यांत, वर्तमानपत्रांत, वकिलांच्या आणि लेखकांच्या टेबलांवर युनिकोड रुळायला त्यानंतर पंधरा-वीस वर्षं लागली. त्या मधल्या वर्षांत मराठीत जे टाइप झालं ते जवळजवळ सगळं या जुन्या फाँटांमध्ये आहे. दिवाळी अंक, पीएचडीचे प्रबंध, गावांचे इतिहास, नाटकांच्या संहिता, संस्थांचे अहवाल, कुळांचे वृत्तांत. हा एका पिढीचा मजकूर आहे. आणि तो कुठे आहे? माळ्यावर.

डीटीपीवाल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. ही सॉफ्टवेअरं बहुतेकदा डोंगलवर चालत. प्रिंटरच्या पोर्टला लावायचं काडेपेटीएवढं ते कुलूप. ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नसे. आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. मजकुराची पानं लावायची ती पेजमेकरमध्ये. त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली आली, आणि त्याची जागा घेतलेल्या इनडिझाइनच्या अलीकडच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडत नाहीत. या सगळ्याचा अर्थ काय? अर्थ असा, की जुना संगणक, त्यातला फाँट, त्यातलं पेजमेकर आणि मागे लावलेला डोंगल, हे चारही एका जागी आणि चालू स्थितीत असतील तर फाईल दहा मिनिटांत वाचवता येते. चारातलं एक गेलं की त्याच फाईलला आठवडा लागतो. दोन गेली की बहुतेक लोक नाद सोडतात.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातून वर्षानुवर्षं दिवाळी अंक काढला. छापील अंक वाचनालयात बांधून ठेवलेले आहेत, चांगलं आहे. पण अंकासाठी आलेलं आणि जागेअभावी न छापलेलं साहित्य? लेखकांना त्यांनी टाइप करून पाठवलेली पत्रं? तालुक्यातल्या जुन्या विहिरींची आणि शिलालेखांची त्यांनी जमवलेली माहिती? ती त्यांच्या छापखान्यातल्या संगणकावर होती. तो संगणक आज या इमारतीच्या मागच्या खोलीत आहे. विश्वस्तांची परवानगी घेऊन मी तो परवा पाहिला. सुरू होतो. डोंगल मागे लावलेलाच आहे. विश्वस्तांना माझी जाहीर विनंती आहे: याच महिन्यात ते काम करून घ्या. वर्षभरानं तो सुरू होईलच याची खात्री मी देऊ शकत नाही, कारण बंद पडून राहिलेल्या यंत्रात कपॅसिटर सुकतात, हार्ड डिस्कची चकती फिरायची थांबते, आणि एक दिवस बटण दाबल्यावर फक्त टकटक ऐकू येते.

काम कसं करायचं, तेही सांगतो. यंत्र सुरू होत असेल तर आधी मूळ फायली जशाच्या तशा दुसऱ्या डिस्कवर उतरवा, आणि त्यांच्यासोबत फाँटची फाईलही न विसरता उतरवा. मग त्याच यंत्रावर एकेक फाईल उघडून तिची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फाँट आत साठवला गेला की ती कोणत्याही संगणकावर वाचता येते. त्यानंतर सवडीनं मजकूर युनिकोडमध्ये आणा. प्रचलित फाँटांसाठी रूपांतर करणारी साधनं आहेत, फक्त फाँटचं नेमकं नाव ठाऊक असावं लागतं. जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, ती हातानं सुधारावी लागतात. हे कष्टाचं काम आहे, पण मुद्रितं वाचण्याची सवय असलेली माणसं या सभागृहात बसलेली आहेत. यंत्र सुरूच होत नसेल, तर त्यातली हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या अडॅप्टरला लावायची. अडॅप्टर काहीशे रुपयांत मिळतो, आणि संगणक दुरुस्त करणारा गावातला कोणताही मुलगा हे करून देईल. फ्लॉप्या असतील तर त्यांना पहिला नंबर द्या. त्या सगळ्यांच्या आधी जातात.

हे झालं वाचवण्याचं. आतलं जे नष्ट करायला हवं, त्याचं काय? आपल्या घरच्या संगणकात आधारकार्डाची, पॅनकार्डाची छायाप्रत असते, आयकराची विवरणपत्रं असतात, घराचं खरेदीखत असतं. डॉक्टरांच्या संगणकात रुग्णांची माहिती असते, पतसंस्थेच्या संगणकात खातेदारांची, सोसायटीच्या संगणकात सभासदांची. आपण फायली डिलीट करतो, रिसायकल बिन रिकामा करतो आणि निर्धास्त होतो. पण डिलीट केल्यानं फाईलची फक्त नोंद जाते. मजकूर डिस्कवर तसाच राहतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. अमेरिकेत एमआयटीमधल्या सिमसन गार्फिंकेल आणि अभी शेलाट या दोघांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्का विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालू होत्या. नीट पुसलेल्या किती निघाल्या? फक्त १२. बाकीच्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले, लोकांची पत्रं सापडली, आजारपणाच्या नोंदी सापडल्या. एक डिस्क चक्क एटीएममधली होती. या पाहणीला वीसहून अधिक वर्षं झाली, पण डिलीट म्हणजे काय, याची आपली समज फारशी बदललेली नाही.

उपाय अवघड नाही. फिरत्या चकतीच्या डिस्कवर अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा शून्यं लिहून टाकली की पुरे. सात-सात वेळा पुसायची गरज आजच्या डिस्कांना नाही. एसएसडीला मात्र ही रीत चालत नाही, तिथे बनवणाऱ्या कंपनीनं दिलेला पुसण्याचा आदेशच वापरावा लागतो. आणि डिस्क बिघडली असेल, पुसताच येत नसेल, तर डोळ्यांवर चष्मा चढवून तिला आरपार भोकं पाडा. पेटवू मात्र नका.

दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. संगणक जुना झाला म्हणजे नेमकं काय झालं? बैल म्हातारा होतो, मोटारीचं इंजिन झिजतं. संगणकातलं काय झिजतं? पंखा, बॅटरी, फिरती डिस्क. ज्याच्यासाठी आपण पैसे मोजले, तो प्रोसेसर दहा-बारा वर्षांनीही पहिल्या दिवसाइतकीच आकडेमोड करतो. बहुतेक संगणक बिघडून मरत नाहीत. त्यांना जुनं ठरवलं जातं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चं नियमित सुरक्षा-साहाय्य थांबवलं. विंडोज ११ला ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. कॅनालिस या बाजार-अभ्यास करणाऱ्या संस्थेनं आधीच अंदाज केला होता, की यामुळे जगभरात सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात. २४ कोटी! आणि त्यांतल्या बहुतेकांत काहीही बिघडलेलं नाही. मला याचा राग येतो, आणि तो तुम्हालाही यावा असं मला वाटतं.

कारण हा संगणक बनवताना काय खर्ची पडलं होतं? एरिक विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुक्त राष्ट्र विद्यापीठासाठी केलेला हिशोब २००४ साली प्रसिद्ध झाला. एक डेस्कटॉप आणि त्याचा सतरा इंची डबा मॉनिटर बनवायला साधारण २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायनं आणि १,५०० किलो पाणी लागतं, असं त्यांना आढळलं. एकूण पावणेदोन टनांच्या वर. आणि संगणकाच्या सगळ्या आयुष्यात जी ऊर्जा लागते, तिच्यातली पाचातल्या चार हिश्श्यांच्या आसपास ऊर्जा तो घरी येण्याआधीच, कारखान्यात खर्च होऊन गेलेली असते. म्हणजे घरात त्याचं बटण बंद करून आपण जी बचत करतो, तिच्यापेक्षा त्याला आणखी चार वर्षं चालवण्यात बचत अधिक आहे.

चालवायचा कसा? हे पटकन सांगतो, कारण इथे अवघड काहीच नाही. गेल्या दहा-बारा वर्षांतला संगणक असेल तर त्यात एसएसडी टाका, रॅम आठ जीबी करा आणि लिनक्स बसवा. लिनक्स मिंट आहे, डेबियन आहे, आपल्या सी-डॅकनं तयार केलेलं बॉस आहे. सगळी मोफत आहेत, आणि देवनागरी टायपिंग त्यांत अंगचंच आहे. घरातल्या मुलाला अभ्यासाला, आजोबांना वर्तमानपत्र वाचायला आणि लेखकाला लिहायला यापेक्षा अधिक काही लागत नाही. वाचनालयांना तर मी आवर्जून सांगेन: पुस्तकांच्या नोंदी ठेवणारं कोहा हे सॉफ्टवेअर लिनक्सवरच चालतं आणि तेही मोफत आहे.

पण सगळंच वाचवा, असं मी म्हणणार नाही. पेंटियम फोर आणि त्याच्यासोबतचा डबा मॉनिटर मिळून दीडशे-दोनशे वॅट वीज खातात. त्यांच्यावर रोज काम करण्यात शहाणपण नाही. त्यांतला मजकूर काढा आणि त्यांना निरोप द्या.

आणि दानाबद्दल मला कळकळीनं बोलायचं आहे. दरवर्षी मार्च महिन्यात कंपन्या आणि कचेऱ्या आपले जुने संगणक शाळांना देतात. छायाचित्रं निघतात. मी अशा शाळांमध्ये जातो. तिथे काय दिसतं? चार्जर नसलेले लॅपटॉप दिसतात, पासवर्ड कोणालाच ठाऊक नसलेली यंत्रं दिसतात. केंद्र सरकारची शाळांसाठीची आयसीटी योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. त्या काळापासून आलेले संगणक आणि नंतरच्या दानाचे संगणक एकाच खोलीत, कुलपात, धूळ खात. मुख्याध्यापक ते टाकूही शकत नाहीत, कारण ते जडवस्तू नोंदवहीत चढलेले असतात. नोंदवहीतून उतरवायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव करा, समिती बसवा, मूल्यांकन करून घ्या, वरची मंजुरी आणा. दोन शिक्षकी शाळेत हे कोणी करायचं? त्यामुळे वर्गखोल्यांचा तुटवडा असलेल्या शाळेत एक आख्खी खोली मेलेल्या संगणकांसाठी अडकून पडते. हे दान नव्हे. देणाऱ्यानं आपला कचरा आणि त्याची कागदपत्रं दुसऱ्याच्या गळ्यात घातली, एवढंच त्यातून झालं. शाळेला संगणक द्यायचा असेल तर तो पुसलेला, चालू, चार्जरसह, लिनक्स बसवलेला द्या. वर्षभर बिघाड काढून देणाऱ्या एका माणसाचा फोन नंबर द्या. आणि तो पूर्ण निकामी होईल तेव्हा परत न्यायची लेखी हमी द्या. हे जमत नसेल तर शाळेच्या दारात जाऊ नका.

आता तिसरी गोष्ट. मजकूर काढला, यंत्र कामाचं नाही हे पक्कं झालं. आता ते जातं कुठे?

भंगारवाला ते वजनावर घेतो. पत्र्याचा डबा, तांब्याची तार, ॲल्युमिनियमचं हीटसिंक, प्लास्टिक, सगळं वेगळं होतं. इथपर्यंत फारसं वाईट काही घडत नाही. उलट हे काम तो माणूस नसता तर कोणीच केलं नसतं. खरा प्रश्न मदरबोर्डचा आहे. कुर्ला-साकीनाक्याच्या गाळ्यांतून आणि ठिकठिकाणच्या गोदामांतून तो पुढे जातो. दिल्लीचं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद, ही या व्यवहाराची मोठी ठाणी. मुरादाबाद पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं शहर. धातू वितळवण्याचं कसब तिथे पिढ्यान् पिढ्या आहे. तिथे रामगंगेच्या काठी बोर्ड जाळले जातात. आधी शेगडीवर धरून शिशाचं डाख मऊ करायचं आणि चिपा उपटायच्या. मग सोन्याचा मुलामा असलेले भाग आम्लात टाकायचे. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण सोनंही विरघळवतं. वाफ श्वासातून जाते. उरलेलं आम्ल गटारात किंवा नदीत जातं. तारांवरचं प्लास्टिक जाळलं की त्यातून डायॉक्सिनसारखी विषं निघतात. डबा मॉनिटरच्या काचेत किलोच्या हिशोबानं शिसं असतं, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. एकदा झालेलं ते नुकसान भरून येत नाही. ही कामं करणाऱ्यांत बायका असतात, मुलं असतात. आपण वजनावर घेतलेल्या त्या काहीशे रुपयांची उरलेली किंमत ते भरतात.

आणि हे सगळं कशासाठी? सोन्यासाठी, तांब्यासाठी. ते खरोखरच तिथे आहे. एक टन संगणकी बोर्डांत सोनं दोनशे ग्रॅमच्या आसपास असतं. खाणीतल्या एक टन खडकात ते काही ग्रॅम मिळालं तरी खाण चालते. टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदकं जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून बनवली गेली. २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत ७८,९८५ टन उपकरणं जमली, त्यांतून ३२ किलो सोनं आणि ३,५०० किलो चांदी निघाली. म्हणजे काम नीट करता येतं. बंद यंत्रणेत, धुराला गाळण्या लावून, आम्ल पुन्हा वापरून करता येतं. प्रश्न तंत्राचा कमी आणि खर्चाचा जास्त आहे.

जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. रीतसर गोळा होऊन प्रक्रिया झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. भारतात २०११ साली पहिले ई-कचरा नियम आले, २०१६ साली सुधारले, आणि २०२२चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. नियमांत येणाऱ्या वस्तू २१ वरून १०६ झाल्या. विकणाऱ्या कंपनीवर तिच्या जुन्या मालाच्या प्रमाणात प्रक्रिया करून घेण्याची जबाबदारी टाकली गेली. सुरुवातीला ६० टक्के, २०२७-२८ पासून ८० टक्के. हे चांगलं आहे. हजार किंवा त्याहून अधिक उपकरणं वापरणाऱ्या संस्थांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच द्यायचा, हेही चांगलं आहे. पण मग आपली शाळा, आपली पतसंस्था, आपलं वाचनालय? ही हजारांत बसत नाहीत. त्यांनी काय करायचं, ते त्यांच्या समजुतीवर सोडलेलं आहे.

आणि त्यांची समजूत काय सांगते? लिलाव करा, जास्तीत जास्त बोली लावेल त्याला द्या. ऐकायला हे किती प्रामाणिक वाटतं! सार्वजनिक पैशाची राखण. पण क्षणभर विचार करा. जास्त बोली कोण लावू शकेल? धुराच्या गाळणीवर, कामगारांच्या विम्यावर, सांडपाण्यावर खर्च करणारा कारखाना? की ज्याला आम्ल गटारात ओतायला एक पैसाही पडत नाही तो? केवळ चढ्या बोलीवर लिलाव केला, की आपण प्रत्येक वेळी सगळ्यांत वाईट हातांनाच निवडतो, आणि तेही नियमानुसार, सही-शिक्क्यानिशी. म्हणून माझं मागणं असं आहे, की निर्लेखनाच्या प्रस्तावातच अट लिहा: बोली फक्त केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या रिसायकलरचीच घेतली जाईल. रक्कम कमी येईल. येऊ द्या. आणि माल दिल्यावर त्यांच्याकडून लेखी पावती घ्या, वजनासह.

इथे कोणी म्हणेल, मग भंगारवाल्याच्या पोटावर पाय का देता? मला तसं मुळीच म्हणायचं नाही. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. तिच्यातूनच पुढे २००८ साली स्वच्छ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. घराघरांतून वस्तू गोळा करण्यात, वेगळ्या करण्यात, दुरुस्तीजोगत्या ओळखण्यात या माणसांचा हात कोणी धरू शकत नाही. ते काम त्यांच्याकडेच राहिलं पाहिजे आणि त्याचा चांगला मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. थांबायला हवं ते फक्त शेगडीवरचं आणि आम्लातलं काम. गोळा करणारा हात आणि कारखाना यांच्यात सरळ व्यवहार झाला, तर मुरादाबादच्या नदीकाठी बोर्ड जाळायला कोणी बसणार नाही.

आता या गावापुरतं बोलतो. दिवाळीच्या साफसफाईच्या आधीचे दोन रविवार वाचनालयानं या कामासाठी ठेवावेत, अशी सूचना मी विश्वस्तांपुढे मांडली आहे, आणि अध्यक्षांनी ती मान्य केल्याचं आजच मला सांगितलं. पहिल्या रविवारी मजकूर काढणं आणि यंत्रं तपासणं. डीटीपीतले माझे जुने सहकारी येणार आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयाची काही मुलं येणार आहेत. चालण्याजोगी यंत्रं तिथेच वेगळी काढू. दुसऱ्या रविवारी उरलेला माल नोंदणीकृत रिसायकलरच्या गाडीत, वजन करून, पावती घेऊन. येताना डेस्कटॉपचा डबा आणि मॉनिटर दोन्ही आणा. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल तर तो सुरू करू नका, चार्जिंगला लावू नका, इतर सामानात कोंबूही नका. वेगळा, मोकळा आणा आणि आल्याबरोबर आम्हाला सांगा. आपल्या फायली कोणत्या फाँटमध्ये आहेत हे आठवत असेल तर कागदावर लिहून आणा. आठवत नसेल तर त्या काळातला एखादा छापील कागद आणा, अक्षराच्या वळणावरून आम्ही ओळखू. आणि ड्रॉवरच्या तळाशी डोंगल पडलेला असेल तर तो शोधून, संगणकाच्या डब्याला चिकटपट्टीनं चिकटवून आणा.